दट्ट्याची धांव आणि जोडदांड्याची लांबी

ज्या घरांत एखादा मुलगा तंत्रशाळेंत किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकत आहे, अथवा ज्या घराला थोडी बागाईत आहे, त्या घरांत हा प्रश्न केव्हांना केव्हां निघतोच: इंजिनांतील दट्ट्याची धांव वाढविली तर दाब वाढतो काय, आणि जोडदांडा लांब किंवा आंखूड केला तर त्या दाबावर काय परिणाम होतो? उत्तर देणारांचे बहुधा दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, धांव वाढली कीं दाब वाढलाच. दुसरा म्हणतो, जोडदांडा वाटेल तितका बदला, दट्ट्या वर-खालीं जावयाचा तितकाच जाणार. तेव्हां दाबाला कांहीं होत नाहीं. दोघांच्याहि म्हणण्यांत सत्याचा अंश आहे, आणि दोघांच्याहि हिशेबांत एकच पद गळलेलें आहे. तें कोणतें, हें या महिन्याच्या सदरांत पाहावयाचें आहे. विषय कित्येक वाचकांस रुक्ष वाटेल. परंतु आमच्या काटोलच्या बाजूस एका बागाईतदाराचा आंबिया बहार या गळलेल्या पदापायीं कसा अडून बसला होता, तें पुढें सांगणार आहें.

प्रथम यंत्राचे अवयव ओळखून घेऊं. ज्या घरीं पायानें चालवावयाचें शिवणयंत्र आहे, त्या घरच्या गृहिणीला ही रचना निराळी शिकविण्याची गरज नाहीं. पायटा वर-खालीं होतो; त्याला जोडलेली काठी मोठ्या चाकाच्या मध्यापासून थोड्या अंतरावर अडकविलेली असते; आणि पायट्याचें वर-खालीं होणें चाकाचें फिरणें होऊन बसतें. इंजिनांत पायट्याच्या जागीं नळकांड्यांत सरकणारा दट्ट्या असतो. कारागीर नळकांड्याला सिलिंडर, दट्ट्याला पिस्टन, काठीला कनेक्टिंग रॉड आणि चाकाच्या जागीं असलेल्या वांकड्या दांड्याला क्रँक म्हणतात. मी कनेक्टिंग रॉडला जोडदांडा म्हणणार आहें. दट्ट्या वर जाऊन ज्या ठिकाणीं क्षणभर थांबतो तो शिरोबिंदु, खालीं ज्या ठिकाणीं थांबतो तो तलबिंदु, आणि या दोहोंमधील अंतर ती दट्ट्याची धांव. इलाच स्ट्रोक म्हणतात. जोडदांड्याचें खालचें टोक क्रँकच्या ज्या खिळ्यावर बसतें, तो खिळा मध्यापासून जितका दूर, त्याच्या बरोबर दुप्पट ही धांव असते.

आतां दाबाविषयीं. सायकलींत हवा भरतांना पंपाचें खालचें टोक तापतें, हा अनुभव सर्वांना आहे. हवा कोंडून दाबली कीं तापते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याचें जें इंजिन १८९७ सालीं औग्सबुर्ग येथें यशस्वी ठरलें, त्याचें मर्म इतकेंच कीं, हवा पुरेशी दाबली तर ती इतकी तापते कीं तींत तेलाचे तुषार सोडतांच तें आपोआप पेटतें. ठिणगीची आवश्यकता राहत नाहीं. तेव्हां हवा किती पट दाबली जाते, यावर डीझेल इंजिनाचें सुरू होणें अवलंबून असतें. ही पट काढण्याची रीत अशी: दट्ट्या तलबिंदूवर असतांना त्याच्या वर जी एकंदर जागा असते, तिला दट्ट्या शिरोबिंदूवर असतांना उरलेल्या जागेनें भागावयाचें. भागाकार येईल तें संकोचनाचें प्रमाण. भाज्य आणि भाजक हे दोन्ही ध्यानांत ठेवावयाचे, हें मात्र विसरूं नये. सगळा घोटाळा भाजकाकडे दुर्लक्ष केल्यानें होतो.

हिशेबासाठीं एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. पुण्याच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्स या कारखान्याचें टीव्ही-१ नांवाचें एका नळकांड्याचें डीझेल इंजिन देशांतील कित्येक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून ठेवलेलें असतें. हा कारखाना १९४६ सालीं निघाला. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांवानें हें घराणें ओळखलें जातें, ते कारखानदार होण्यापूर्वीं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षणसंस्थेंत शिक्षक होते, ही गोष्ट आमच्यासारख्या मास्तरांनीं अभिमानानें सांगावी अशी आहे. असो. या इंजिनाच्या नळकांड्याचा व्यास ८७.५ मिलिमीटर, दट्ट्याची धांव ११० मिलिमीटर, जोडदांड्याची लांबी २३४ मिलिमीटर आणि संकोचनाचें प्रमाण १७.५ आहे. व्यासावरून दट्ट्याच्या माथ्याचें क्षेत्रफळ ६०.१३ चौरस सेंटिमीटर येतें. त्यास ११ सेंटिमीटर धांवेनें गुणिलें म्हणजे ६६१ घनसेंटिमीटर ही दट्ट्यानें झाडून काढलेली जागा. प्रमाण १७.५ यावयाचें असेल तर शिरोबिंदूवर उरलेली जागा या ६६१ चा साडेसोळावा भाग, म्हणजे सुमारें ४० घनसेंटिमीटर असली पाहिजे. ही उरलेली जागा प्रत्यक्षांत दट्ट्याच्या माथ्यावरील खळग्यांत, गॅस्केटच्या जाडींत आणि इतर सांदींत विभागलेली असते. पण ती सारखी पसरून उंचीच्या रूपानें मांडली, तर भरते अवघी ६.६७ मिलिमीटर.

वाचकांनीं हे दोन आंकडे शेजारीं-शेजारीं लिहून ठेवावे: एक ११० आणि दुसरा ६.६७. एक मिलिमीटर हा पहिल्याचा शेंकडा एक सुद्धां होत नाहीं. परंतु दुसऱ्याचा तो शेंकडा पंधरा होतो. सर्व रहस्य येथें आहे.

प्रथम जोडदांडा घेऊं. क्रँक तोच, दट्ट्या तोच, नळकांडें तेंच. केवळ जोडदांडा एक मिलिमीटर आंखूड बसविला. धांव ११० च राहिली. झाडून काढलेली जागा ६६१ च राहिली. परंतु दट्ट्याची सबंध हालचाल एक मिलिमीटर खालीं सरकली. शिरोबिंदूवर आतां ६.६७ ऐवजीं ७.६७ मिलिमीटर उंचीची जागा उरली. ११० मध्यें ७.६७ मिळवून ७.६७ नें भागिलें म्हणजे प्रमाण येतें १५.३५. साडेसतरावरून सव्वापंधरावर! उलट, दांडा एक मिलिमीटर लांब बसविला तर उरलेली उंची ५.६७ होऊन प्रमाण २०.४ पर्यंत चढतें. अर्थात् तितका वर येतांना दट्ट्याचा माथा हेडला आदळला नाहीं तर. डीझेल इंजिनांत सपाट माथा आणि हेड यांमध्यें मोकळी फट फारच थोडी असते. म्हणून हा लांब दांड्याचा प्रयोग बहुधा पहिल्याच फेऱ्यांत ठोक्याच्या आवाजानें संपतो.

आतां धांव घेऊं. क्रँकचा खिळा मध्यापासून एक मिलिमीटर दूर केला, म्हणजे धांव ११२ झाली. जोडदांडा पूर्वींचाच ठेवला, तर दट्ट्या वर एक मिलिमीटर अधिक जाईल आणि खालीं एक मिलिमीटर अधिक जाईल. उरलेली उंची ५.६७, प्रमाण २०.७६. पहिला पक्ष येथें टाळी वाजवील. परंतु जोडदांडा एक मिलिमीटरनें आंखूड करून शिरोबिंदु पुन्हां पूर्वींच्या जागीं आणला, तर काय होतें तें पाहावें. धांव ११२, उरलेली उंची ६.६७, प्रमाण १७.८. म्हणजे २०.७६ पर्यंत जी वाढ झाली होती तींतील धांवेचा खरा वांटा अवघा ०.३ चा होता; बाकीची जवळ-जवळ तीन अंकांची वाढ दट्ट्या वर कोठें थांबतो यामुळें झाली होती. तेव्हां गळलेलें पद हेंच: दट्ट्या किती धांवतो यापेक्षां तो वर कोठें थांबतो, याचा दाबावर परिणाम फार मोठा आहे.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणें कोठपर्यंत खरें, हें आपल्या जुन्या गणिताच्या भाषेंत फार सुरेख सांगतां येतें. भास्कराचार्यांची लीलावती इ. स. ११५० च्या सुमारास, म्हणजे शके १०७२ च्या वेळीं झाली. तींत भुज, कोटि व कर्ण यांचा संबंध आहे आणि वर्तुळांतील ज्या व शर यांचाहि विचार आहे. क्रँकचें वर्तुळ काढा, त्रिज्या ५५. खिळा शिरोभागापासून कांहीं अंश फिरला, म्हणजे तो मध्यरेषेपासून बाजूला जितका गेला ती त्या कोनाची ज्या, आणि खालीं जितका उतरला ती उत्क्रमज्या, अर्थात् शर. जोडदांडा सदैव उभाच राहिला असता, तर दट्ट्या या शराइतकाच उतरला असता. पण दांड्याचें खालचें टोक बाजूला गेल्यामुळें दांडा कलतो. कललेला दांडा हा कर्ण, बाजूला गेलेली ज्या हा भुज, आणि उभी उंची ही कोटि. कर्णाहून कोटि नेहमीं कमी. ती जितकी कमी तितका दट्ट्या आणखी उतरतो. आणि कर्ण-कोटींमधील हें अंतर म्हणजे तरी काय? दांड्याच्या कलाचा शरच! म्हणून दट्ट्याचें एकंदर उतरणें ही दोन शरांची बेरीज आहे: एक क्रँकचा, दुसरा जोडदांड्याचा.

पडताळा पाहूं. क्रँक बरोबर पाव फेरा फिरला असतां पहिला शर ५५. दुसरा काढण्यासाठीं २३४ चा वर्ग ५४,७५६, त्यांतून ५५ चा वर्ग ३,०२५ वजा केला, बाकी ५१,७३१, तिचें मूळ २२७.४४, तें २३४ मधून वजा केलें म्हणजे ६.५६. बेरीज ६१.५६. पाव फेऱ्यांत दट्ट्यानें अर्ध्याहून अधिक धांव संपविली! शिवणयंत्राच्या काठींत हाच शर लपलेला असतो. काठी लांब असल्यानें तो डोळ्यांत भरत नाहीं, इतकेंच.

आतां शिरोबिंदूवर आणि तलबिंदूवर पाहा. तेथें खिळा मध्यरेषेवर आलेला असतो. ज्या शून्य, कल शून्य, म्हणून दुसरा शरहि शून्य. अर्थात् जोडदांडा लांब असो कीं आंखूड, धांव बदलत नाहीं. येथवर दुसरा पक्ष निर्विवाद बरोबर आहे. आणि दांड्याची लांबी बदलून दट्ट्यांतील आडव्या पिनेची जागा तितकीच वर किंवा खालीं घेतली, म्हणजे शिरोबिंदु हलूं दिला नाहीं, तर संकोचनाचें प्रमाणहि रेंसभर बदलत नाहीं.

कोणी चिकित्सक विद्यार्थी म्हणेल, हवा आंत घेणारी झडप तलबिंदूवर मिटत नाहीं. ती नंतर कांहीं अंशांनीं मिटते, आणि खरें संकोचन तेथून सुरू होतें. त्या क्षणीं दट्ट्या कोठें आहे हें दांड्याच्या लांबीवर अवलंबून आहे. हें म्हणणें अगदीं रास्त आहे. या इंजिनांत झडप तलबिंदूनंतर साडेपस्तीस अंशांनीं मिटते. दोन शरांच्या रीतीनें हिशेब केला तर त्या क्षणीं दट्ट्याला वर येण्यास १०१.९७ मिलिमीटर उरलेले असतात, आणि खरें प्रमाण १६.३० भरतें. पिनेची जागा जुळवून घेऊन दांडा २०० मिलिमीटरचा केला तर तें १६.३५ होतें, ३०० चा केला तर १६.२२. शंभर मिलिमीटरांच्या फरकानें अवघें एक दशांशाहून किंचित् अधिक! लांबी जुळवून बदलली तर दाबावर परिणाम नगण्य; न जुळवितां एक मिलिमीटर बदलली तर दाबाचा सत्यानाश. दांडा लांब ठेवण्याचा खरा फायदा निराळा आहे. २३४ च्या दांड्याचा सर्वांत अधिक कल १३.६ अंश होतो, २०० च्या दांड्याचा १६ अंश. आणि कल अधिक तितका दट्ट्या नळकांड्याच्या बाजूवर अधिक रेटला जातो व लायनर लवकर झिजतो.

आतां काटोलची हकीकत. या तालुक्यांतील संत्र्याच्या बागांचें सर्व गणित पाण्याच्या वेळेवर बसविलेलें असतें. आंबिया बहारासाठीं डिसेंबरच्या सुमारास झाडांचें पाणी तोडून त्यांना ताण देतात, आणि जानेवारींत पहिलें पाणी सोडून तो ताण मोडतात. मग नवी पालवी व फूल येतें. हें पहिलें पाणी सबंध बागेला थोडक्या दिवसांत मिळालें पाहिजे. नाहीं तर अर्धी बाग फुलते आणि अर्धी ताणावरच राहते. आतां बहुतेक विहिरींवर विजेचे पंप झाले असले तरी जुनें डीझेल इंजिन पुष्कळांनीं अडीअडचणीसाठीं जपून ठेवलें आहे. माझ्या परिचयाच्या एका बागाईतदाराकडे असेंच एक होतें. कोणत्या कारखान्याचें तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण दोष कारखान्याचा नव्हता.

पावसाळ्यांत नाल्याला पूर येऊन पाणी त्या इंजिनाच्या तोंडावाटे आंत शिरलें. पाणी हवेसारखें दाबलें जात नाहीं. दट्ट्या मध्येंच अडला आणि जोडदांडा वांकला. गृहस्थानें इंजिन एका दुरुस्तीच्या दुकानांत दिलें. तेथें वांकलेला दांडा काढून दुसरा, जुन्या मालांतला, बसवून दिला. इंजिन दुकानांत दुपारीं सुरू करून दाखविलें, तें सुरू झालें, आणि घरीं येऊन झांकून ठेवलें गेलें. पुढें जानेवारींत ऐन ताण मोडण्याच्या वेळीं गांवची डी. पी. जळाली आणि विजेचा पंप बंद पडला. इंजिनाची आठवण झाली. पहांटे चौघांनीं आळीपाळीनें हँडल मारलें. इंजिन पांढरा धूर सोडी, पण पेट घेईना. दुपारीं बाराच्या पुढें मात्र तेंच इंजिन दोन-तीन हँडलांत सुरू होई. दिवसाचे सहा तास असे व्यर्थ जाऊं लागले. रिंगा बदलल्या, लायनर बदलला, नोझल तपासून आणलें. पैसे गेले, आणि पहांटेची रड तशीच राहिली.

त्या इंजिनावर काम करणारा तरुण माझा जुना विद्यार्थी. आय. टी. आय. झालेला, हाताचा चांगला. तो मला म्हणाला, "गुरुजी, रिंगा नव्या, लायनर नवा, नोझल ठीक. आतां राहिलें तरी काय?"

मी म्हणालों, "अरे, नवें बसविलेंस तें तूं मोजून बसविलेंस. पुराच्या वेळीं जें जुनें बसलें, तें कोणी मोजलें काय?"

बागाईतदार शेजारींच होते. ते म्हणाले, "गुरुजी, दांडा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. आधींच्या दांड्याशीं लावूनहि पाहिला, बरोबर होता."

वांकलेल्या दांड्याशीं लावून पाहिलेलें माप हें काय माप झालें! येथें पुन्हां धनुष्य, ज्या आणि शर आले. २३४ मिलिमीटरचा दांडा धनुष्यासारखा वांकून त्याच्या दोन टोंकांतील अंतर एक मिलिमीटरनें कमी व्हावयाचें असेल, तर मधला शर सुमारें ९ मिलिमीटर भरतो. इतका बांक कोणालाहि दिसतो. पण सरळ दांडा जर एक मिलिमीटर आंखूड असेल, तर तो डोळ्यांना दिसत नाहीं. जुन्या दांड्याचें खालचें भोंक झिजलें कीं कित्येक ठिकाणीं त्याच्या दोन अर्धकांचे मुखभाग घासून भोंक पुन्हां गोल करून घेतात. त्या खटाटोपांत दोन भोंकांच्या मध्यांतील अंतर कमी होतें. दांड्याची लांबी म्हणजे टोकापासून टोकापर्यंतची नव्हे, तर भोंकाच्या मध्यापासून भोंकाच्या मध्यापर्यंतची, हें ध्यानांत न घेतल्यानें असा दांडा 'बरोबर' ठरतो.

मोजण्याचा उपाय स्वस्त होता. हेड काढून दट्ट्याच्या माथ्यावर, आडव्या पिनेच्या रेषेंत, मऊ शिशाच्या तारेचे दोन लहान तुकडे ग्रीज लावून ठेविले. तीच गॅस्केट घालून हेड आवळलें. हातानें इंजिन एक फेरा सावकाश फिरविलें. आणि हेड काढून चेपलेल्या शिशाची जाडी मायक्रोमीटरनें मोजली. त्या इंजिनाच्या पुस्तकांत दिलेल्या फटीहून ती सुमारें एक मिलिमीटर अधिक भरली. रोग सांपडला.

तें इंजिन दुपारीं सुरू होई आणि पहांटे होत नसे, याचाहि उलगडा आंकड्यांनीं होतो. वर घेतलेल्या उदाहरणाच्याच मापांनीं पाहूं. झडप मिटल्यापासून मोजलें तर दांडा योग्य असतांना खरें प्रमाण १६.३, आणि तो एक मिलिमीटर आंखूड असतांना १४.३. हातानें फिरवितांना गति मंद असते. कांहीं उष्णता भिंतींत जाते आणि कांहीं हवा रिंगांच्या बाजूनें निसटते. म्हणून हवेच्या संकोचनाचा घातांक आदर्श १.४ न धरतां १.३ धरूं. पहांटेची हवा १० अंश सेल्सिअस असेल, तर योग्य दांड्यानें ती सुमारें ३८० अंशांपर्यंत तापते, आंखूड दांड्यानें ३५५ पर्यंत. दुपारीं हवा २८ अंशांवर आली, कीं आंखूड दांड्याचें तेंच इंजिन तिला ३९५ अंशांपर्यंत नेतें. म्हणजे दुपारचें ऊन त्या आंखूड दांड्याची उणीव भरून काढीत होतें! दुकानांत दुपारीं घेतलेली परीक्षा म्हणूनच उत्तीर्ण झाली. हे आंकडे अंदाजाचे आहेत, परंतु त्यांतील पंचवीस अंशांचा फरक हाच पहांटेच्या पांढऱ्या धुराचा अर्थ होय. तो धूर म्हणजे न पेटलेलें तेल.

रोग कळल्यावर उपचाराचा प्रश्न आला. विद्यार्थ्यानें एक युक्ति सुचविली: नळकांड्याचा वरचा पृष्ठभाग एक मिलिमीटर तासून घेऊं, म्हणजे हेड तितकें खालीं येईल आणि उरलेली उंची पूर्ववत् होईल. गणितानें हें अगदीं बरोबर आहे. प्रमाण पुन्हां साडेसतरा येईल. पण शाळेंत आम्ही उत्तराइतकेच रीतीलाहि गुण देत असूं, त्याला कारण आहे. ज्या दांड्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाहीं, जो कोणी कोठें घासला आहे आणि ज्याचे बोल्ट किती वेळां ताणले गेले आहेत हें कोणास ठाऊक नाहीं, तो दांडा अशानें इंजिनांत तसाच राहतो, आणि त्याची चुगली करणारें एकमेव लक्षण मात्र नाहींसें होतें. पेट घेतांना आंत दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोग्रॅमचा दाब धरला, तर ६० चौरस सेंटिमीटरच्या माथ्यावर ४२ क्विंटल भार येतो. मिनिटाला १,५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५. त्यांतील एकाआड एक फेऱ्याला हा भार त्या दांड्यावर पडावयाचा. असा दांडा चालत्या इंजिनांत तुटला तर इंजिनाचें पोट फोडून बाहेर येतो, आणि शेजारीं उभ्या असलेल्या माणसाला सांगून येत नाहीं. मी त्याला इतकेंच म्हणालों, "उत्तर जुळविण्यासाठीं दुसरा आंकडा बिघडवूं नकोस, चुकलेला आंकडाच दुरुस्त कर."

त्यानें तें ऐकलें. नागपुराहून कारखान्याचा नवा दांडा, नवे बोल्ट आणि नवी गॅस्केट आणली. दांडा बसविण्यापूर्वीं मध्यापासून मध्यापर्यंत मोजला. शिशाच्या तारेची परीक्षा पुन्हां घेतली. आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे इंजिन दुसऱ्याच हँडलाला सुरू झालें. तोंवर नऊ दिवस गेले होते. विहिरीजवळच्या ओळी वेळेवर फुलल्या. टोकाकडच्या ओळींना फूल उशिरां आणि विरळ आलें, आणि त्या वर्षीं त्या ओळींचा माल बागवानानें पाडून मागितला. दांड्याच्या किंमतीच्या कितीतरी पट नुकसान झालें. वेळेवर चार पैशांचें शिसें चेपलें असतें, तर तें टळलें असतें.

ज्यांच्या घरीं अशीं इंजिनें आहेत त्यांनीं कांहीं गोष्टी लिहून ठेवाव्या. इंजिनांत पाणी शिरलें असें वाटल्यास हँडल किंवा स्टार्टर मुळींच मारूं नये. प्रथम नोझल काढून सावकाश फिरवून पाणी बाहेर काढावें. दांडा बदलला, क्रँकचा खिळा घासून घेतला, गॅस्केट निराळ्या जाडीची घातली किंवा हेड तासलें, तर प्रत्येक वेळीं शिशाच्या तारेनें फट मोजून ती पुस्तकांतील मर्यादेंत आहे कीं नाहीं हें पाहावें. क्रँकचा खिळा घासतांना त्याचा मध्य अर्धा मिलिमीटर जरी आंत सरकला, तरी धांव १०९ होऊन शिरोबिंदु अर्धा मिलिमीटर उतरतो, आणि आपल्या उदाहरणांतील साडेसतराचें प्रमाण १६.२ वर येतें. हेंहि डोळ्यांना दिसत नाहीं. दुरुस्त झालेलें डीझेल इंजिन ताब्यांत घेतांना त्याची परीक्षा दुपारीं न घेतां थंड पहांटे, रात्रभर थंडगार पडलेलें असतांना घ्यावी.

आणि जे तरुण आपल्या मोटारसायकलींत धांव वाढविलेला क्रँक बसविण्याच्या विचारांत आहेत, त्यांनीं आधीं कागद-पेन्सिल घ्यावी. पेट्रोलच्या इंजिनांत दाब प्रमाणाबाहेर वाढला तर मिश्रण अवेळीं आणि एकदम पेटून ठोके बसतात व दट्ट्याचा माथा जळतो. धांव किती वाढणार, शिरोबिंदु किती वर येणार, तो जागीं आणण्यासाठीं दांडा किंवा दट्ट्या कोणता घ्यावा लागेल, आणि शेवटीं उरलेली जागा किती घनसेंटिमीटर राहील, हे चार आंकडे मांडून मगच कारागिराकडे जावें. बाजूचा विद्यार्थी भागाकार करूं जाणत असेल, तर हा हिशेब त्याच्याकडून तपासून घ्यावयास कमीपणा मानूं नये.